मारामारी कापून बघा: सुपरहिरोपट चांगला की वाईट, हे कसं ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या धरमपेठेतल्या सात-आठ मित्रांचा एक गट दर रविवारी संध्याकाळी फुटाळा तलावावर बसतो आणि कॉमिक्सवरून आलेल्या सुपरहिरोपटांवरून भांडतो. एकाच्या मते 'द डार्क नाइट'ला तोड नाही, दुसरा 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'वर ठाम आहे, तिसरा 'लोगन' सोडायला तयार नाही. सर्वांत वाईट कोणता यावरही तेच. 'कॅटवुमन', 'मॉर्बियस', 'जस्टिस लीग' अशी नावं येतात आणि एकमत काही होत नाही. आता मे महिन्यात एकाच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून एक सर्वांत चांगला आणि एक सर्वांत वाईट असे दोन सिनेमे लागोपाठ बघायचं ठरलंय. कोणते दोन लावायचे, निकष काय ठेवायचा, आणि आपल्याकडचे सुपरहिरोपट यात धरायचे की नाही, असं विचारलं आहे.

मी नागपुरात बरीच वर्षं संकलक म्हणून काम करतोय. माहितीपट, लघुपट, जाहिराती, आणि हंगामात लग्नाच्या फिल्म. सोबत मुलांना एडिटिंग शिकवतो, आणि ही मुलं नेमकी याच सिनेमांवर वाढलेली असल्यामुळे हा वाद माझ्या वर्गात दर वर्षी होतो. त्यामुळे उत्तर देतोय ते एडिट टेबलावरून. समीक्षक कदाचित वेगळं सांगेल.

भाऊ, तुमचं भांडण मिटत नाही याचं कारण तुमच्यातला प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीला 'चांगला' म्हणतोय. 'एंडगेम'वाला २६ एप्रिल २०१९ नंतरच्या त्या आठवड्यात थिएटरात काय झालं ते सांगतोय. शिट्ट्या, आरडाओरडा, खुर्चीवर उभे राहिलेले लोक. 'लोगन'वाला एका म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाबद्दल बोलतोय. 'डार्क नाइट'वाल्याच्या डोक्यात बॅटमॅनच्या शत्रूचे, जोकरचे, चार-पाच प्रसंग आहेत. तिघांचंही खरं आहे, पण ही तुलनाच नव्हे. आधी काय मोजायचं ते ठरवा, मग भांडा. तेव्हा भांडणाला मजा येईल.

निकषाकडे येण्याआधी परिस्थितीचं बोलतो, कारण निम्मा निकाल तिथंच लागतो.

'एंडगेम' हा मार्व्हल स्टुडिओच्या एकमेकांत गुंतलेल्या सिनेमांच्या मालिकेतला बाविसावा सिनेमा. आधीचे बहुतेक ज्यानं पाहिलेत त्याला शेवटच्या लढाईत एकेक दार उघडून माणसं बाहेर येताना भरून येतं. ज्यानं पाहिले नाहीत त्याला कोण आलं, कोण गेलं आणि बाजूचा का रडतोय, काही कळत नाही. एकशे एक्क्याऐंशी मिनिटं तो ताटकळतो. तुमच्या गच्चीवर कुणाची बहीण, कुणाचे काका येणार असतील तर हा सिनेमा तिथं हमखास पडणार. त्यात सिनेमाचा दोष नाही. तो घरच्या कार्यासारखा आहे, नाती माहीत असलेल्यांसाठीच.

भाषेचाही फरक पडतो. आपल्याकडे निम्म्या लोकांनी हे सगळं हिंदी डबिंगमध्ये पाहिलंय. जोकरची गोष्ट त्याच्या आवाजाच्या चढउतारात आहे, ती डबिंगमध्ये बरीचशी जाते. स्पायडर-मॅनची अडचण शरीरातून आणि चेहऱ्यातून दिसते, तिचं फारसं नुकसान होत नाही.

आणि तिसरी, सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पडदा. गच्चीवर स्वस्तातला प्रोजेक्टर, भिंतीवर ताणलेली चादर, आजूबाजूला रस्त्यावरचे दिवे. अशा ठिकाणी काळा रंग काळा राहत नाही, राखाडी होतो. २०२२चा 'द बॅटमॅन' असा लावलात तर अर्धा सिनेमा नुसता धुरकट दिसेल, आणि लोक म्हणतील, 'काय दाखवून राहिला बे, काही दिसूनच नाही राहिलं.' 'डार्क नाइट'ही बराचसा रात्रीचा आहे. क्रिस्टोफर नोलननं त्यातले मोठे प्रसंग आयमॅक्स कॅमेऱ्यावर घेतले ते भव्य पडद्यासाठी. त्याला चादरीवर आणून दुसऱ्या सिनेमाशी झुंजवणं अन्याय आहे. मेमध्ये आपल्याकडे सातपर्यंत उजेड असतो, भिंती त्यानंतरही तास-दोन तास तापलेल्या असतात. आठ-साडेआठच्या आधी सुरू करूच नका, आणि दिवसाउजेडी घडणारा, रंग ठळक असणारा सिनेमा निवडा.

आता निकष. एखादा प्रसंग राहावा की जावा अशी शंका आली की मी तो टाइमलाइनवर, म्हणजे संगणकावरच्या संकलनाच्या पट्टीवर, बंद करतो आणि आधीचा व नंतरचा प्रसंग जोडून चालवून बघतो. गोष्ट न अडखळता पुढे गेली तर तो प्रसंग शोभेचा. अडखळली तर तो कामाचा. सुपरहिरोपटात हीच कसोटी मारामारीला लावायची. कारण पैसा, वेळ आणि शेकडो माणसांची मेहनत तिथंच ओतलेली असते. मारामारी काढली तरी गोष्ट जशीच्या तशी उभी राहते का? मारामारीआधी नायकाला जे ठाऊक होतं आणि जे हवं होतं, तेच मारामारीनंतरही असेल तर त्या पंधरा मिनिटांत फक्त इमारती पडल्या.

हे असं का होतं, ते कामाच्या पद्धतीत आहे. मोठ्या सिनेमात हाणामारीचे प्रसंग चित्रीकरणाच्या कितीतरी आधी संगणकावर कच्च्या अ‍ॅनिमेशनमध्ये तयार होतात. त्याला प्रीव्हिज म्हणतात. ते काम वेगळी टीम करते, प्रत्यक्ष साहसदृश्यं पुष्कळदा दुसरं युनिट घेतं, इफेक्ट्स तिसरीकडे होतात. पटकथा मात्र अजून बदलत असते. मग जोडताना मारामारी एका बाजूला आणि माणसं दुसऱ्या बाजूला अशी फट राहते. चांगला दिग्दर्शक ती फट बुजवतो. बाकीचे संगीत मोठं करतात.

एकाच सिनेमात दोन्ही पाहायचं असेल तर २०१७चा 'वंडर वुमन' घ्या. पहिल्या महायुद्धातल्या खंदकातून ती एकटी शिडी चढून वर येते, समोरच्या गोळ्या ढालीवर घेते आणि मागून सैनिक हळूहळू बाहेर पडतात. 'हे आपलं काम नाही' असं सोबतचे सांगत असताना तिनं घेतलेला तो निर्णय आहे. तो प्रसंग काढा, सिनेमा कोसळतो. आणि त्याच सिनेमाच्या शेवटी युद्धदेवतेशी जी आगीची, लोखंडाची झुंज आहे, ती अर्धी कापली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. दिग्दर्शिका पॅटी जेन्किन्सच्या त्या एका खंदकासाठी मी बाकीचं माफ करतो.

या कसोटीवर माझा सर्वांत चांगला सिनेमा 'स्पायडर-मॅन २'. साल २००४, दिग्दर्शक सॅम रायमी, संकलक बॉब मुरॉव्स्की, ज्यांना पुढे 'द हर्ट लॉकर'साठी ऑस्कर मिळालं. 'स्पायडर-मॅन २'ला ऑस्कर मिळालं ते इफेक्ट्सचं, पण मला तो आवडतो वेगळ्या कारणासाठी.

त्यातला धावत्या रेल्वेगाडीचा प्रसंग वर्गात मी आवाज बंद करून दाखवतो आणि मुलांना कागदावर एवढंच लिहायला सांगतो: कोणी काय ठरवलं? बघा कसं घडतं. खलनायक डॉक ऑक आणि स्पायडर-मॅन उंचावरून धावणाऱ्या गाडीच्या टपावर लढताहेत. गोष्ट न्यूयॉर्कची असली तरी गाडीचं बरंच चित्रण शिकागोच्या उन्नत रेल्वेवर झालंय. ऑक गाडीचा वेगाचा दांडा मोडून फेकतो आणि निघून जातो. इथं मारामारी संपली. आता नायकापुढे खलनायक नाही, डबाभर माणसं आहेत आणि पुढे रूळ संपतोय. तो आधी पाय रोवून गाडी थांबवायला बघतो. जमत नाही. मग दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी फेकतो आणि गाडीच्या तोंडाशी स्वतःला ताणून धरतो. मुखवटा उतरलेला आहे. पोशाख फाटतोय. कॅमेरा पुन्हा पुन्हा त्याच्या चेहऱ्यावर येतो आणि मुरॉव्स्की तो चेहरा लवकर सोडत नाही. याच पोराला आपण तासभर पिझ्झा वेळेवर न पोचवल्याबद्दल नोकरी गमावताना, भाडं थकवताना, परीक्षेत मागे पडताना पाहिलंय. म्हणून त्या चेहऱ्यावरचा प्रत्येक जादा सेकंद आपल्याला लागतो.

गाडी थांबते. तो कोसळायला लागतो तेव्हा फुटलेल्या काचेतून प्रवाशांचे हात बाहेर येतात, त्याला धरतात, आणि डोक्यांवरून, हातोहात, डब्याच्या आत नेऊन झोपवतात. कुणीतरी म्हणतं, अरे, हा तर पोरगाच आहे, माझ्या मुलाएवढा. दोन लहान मुलं त्याचा मुखवटा परत देतात आणि सांगतात, आम्ही कुणाला सांगणार नाही. ऑक परत येतो तेव्हा हेच साधे लोक मध्ये उभे राहतात. तो त्यांना सहज बाजूला ढकलतो, पण ते उभे राहिले, हे घडून गेलं.

आता हा प्रसंग बंद करून पुढचा जोडा. जोडच बसत नाही. पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, बेशुद्ध अवस्थेत मित्राच्या, हॅरीच्या घरी पोचणार कसा? हॅरी मुखवटा काढून मित्राचा चेहरा बघणार कसा? आणि ज्या शहरासाठी त्यानं सगळं गमावलं त्या शहरानं त्याला काय दिलं, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहील. मुलांच्या कागदावर निर्णयांची यादी लांबलचक होते, आणि त्यात ठोसे जवळजवळ येतच नाहीत.

'द डार्क नाइट' माझ्या हिशेबात याच्या अगदी खालोखाल. २००८च्या त्या सिनेमातल्या चौकशीच्या खोलीतला प्रसंग कोणत्याही वर्गात शिकवावा असा आहे. बॅटमॅन जोकरला मारतो, आणि जितकं मारतो तितका जोकर हसतो. इथं मारामारी म्हणजेच गोष्ट आहे: ज्याला गमवायला काही नाही त्याच्यापुढे ताकद निरुपयोगी. शिवाय जोकर दोन ओलिसांच्या ठिकाणांची अदलाबदल करून सांगतो, त्यामुळे पुढचा सगळा सिनेमा त्या ठोशांच्या अपयशावर उभा आहे. हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं ते योग्यच होतं. मग पहिला नंबर का नाही? शेवटच्या भागात अर्धवट बांधलेल्या इमारतीतली जी धावपळ आहे, त्यात कोण कोणत्या मजल्यावर आहे, ओलीस कुठं, पोलीस कुठून आत शिरले, याचा पत्ता लागत नाही. दिशा हरवली की ताण हरवतो. त्याच वेळी दोन बोटींवर जे चाललंय ते इतकं स्पष्ट आणि जबरदस्त आहे की इमारतीकडे कट गेला की मला राग येतो. तुमच्या मित्राला हे पटणार नाही. पण त्याला त्या इमारतीचा नकाशा कागदावर काढायला सांगा.

'लोगन'बद्दल थोडंच. जेम्स मॅन्गोल्डनं प्रत्येक घावाचं वजन दाखवलं, पंजे बाहेर येताना दुखतं हे दाखवलं, आणि त्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. मोठा सिनेमा आहे. गच्चीवर लहान मुलं असतील तर लावू नका, रक्त फार आहे. आणि कुणी अ‍ॅनिमेशन म्हणून नाक मुरडत असेल तर त्याला २०१८चा 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' दाखवा. त्यात नायक माइल्स नवशिका असताना काही प्रसंगांत त्याची हालचाल सेकंदाला बारा चित्रांत केली आहे, तर सोबतच्या सरावलेल्या स्पायडर-मॅनची चोवीस चित्रांत. तो अडखळतोय हे संवादातून सांगावंच लागत नाही. तुमच्याकडे तिसऱ्या सिनेमाला वेळ असता तर मी डोळे मिटून हा सांगितला असता.

आता वाईटाकडे. इथं लोक फार घाई करतात, जे स्वस्त दिसतं त्याला वाईट म्हणून मोकळे होतात. १९८७चा 'सुपरमॅन ४' बघा. त्याचे इफेक्ट्स केविलवाणे आहेत, कारण निर्मात्यांनी बजेट जवळजवळ निम्म्यावर आणलं. न्यूयॉर्कच्या जागी इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स वापरलं. पण जगातली अण्वस्त्रं नष्ट करायला निघालेल्या माणसाची ती गोष्ट क्रिस्टोफर रीव्हनं मनापासून केली आहे. त्याला सर्वांत वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९९७चा 'बॅटमॅन अँड रॉबिन' खेळण्यांच्या दुकानासारखा दिसतो खरा, पण आपण काय करतोय हे जोएल शूमाखरला पक्कं ठाऊक होतं, आणि पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत तो एकाच सुरात आहे. सूर तुम्हाला आवडो न आवडो.

दुसरा प्रकार जास्त गंभीर: दोन हातांनी दोन दिशांना ओढलेले सिनेमे. २०१५चा 'फँटास्टिक फोर' बघताना मध्यावर शिवण दिसते. पुन्हा चित्रीकरण केलेल्या प्रसंगांत अभिनेत्री केट मारानं घातलेला केसांचा टोप इतका वेगळा आहे की कोणता शॉट आधीचा आणि कोणता नंतरचा हे प्रेक्षकही सांगू शकतो. सिनेमा लागण्याच्या आदल्या दिवशी दिग्दर्शक जॉश ट्रॅंकनं जाहीर लिहिलं की वर्षभरापूर्वी माझ्याकडे याची चांगली आवृत्ती होती. २०१७चा 'जस्टिस लीग' दिग्दर्शक झॅक स्नायडरकडून जॉस व्हीडनकडे गेला. फेरचित्रीकरणाच्या वेळी सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलला दुसऱ्या सिनेमासाठी मिशी ठेवावी लागली होती, ती संगणकावर पुसली, आणि सुपरमॅनचा वरचा ओठ कायमचा परका झाला. २०२१मध्ये स्नायडरची चार तासांची आवृत्ती आली तेव्हा तेच प्रसंग वेगळ्या लयीत पाहता आले. एडिटिंग शिकणाऱ्यानं या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात, फुकटची शाळा आहे. पण हे सिनेमे बिघडलेले आहेत. बिघडलेल्यात मूळचं काहीतरी शिल्लक असतं, म्हणून मी त्यांना तळाला टाकत नाही.

तळाला माझ्या मते 'कॅटवुमन'. आणि हा निवडायचं मोठं कारण असं की अमेरिकेत तो 'स्पायडर-मॅन २'नंतर जेमतेम तीन आठवड्यांनी लागला. २००४चा तोच उन्हाळा, तेच तंत्रज्ञान, संगणकावर बनवलेली तशीच उड्या मारणारी माणसं. खर्च कमी होता हे मान्य, पण दहा कोटी डॉलरच्या घरातला सिनेमा गरीब म्हणता येत नाही. त्यामुळे 'त्या काळी तेवढंच जमायचं' ही सबब उरत नाही.

गोष्ट वाईट नव्हती हे मुद्दाम सांगतो. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत काम करणारी भिडस्त चित्रकार बाई. कंपनीचं क्रीम लावणं थांबवलं तर चेहरा विद्रूप होतो, लावत राहिलं तर कातडी दगडासारखी होते. तिला हे कळतं म्हणून तिला मारलं जातं, आणि ती मांजरीच्या शक्तीनं परत येते. बायकांच्या चेहऱ्यावर चालणारा धंदा आणि एका बाईला सापडलेलं तिचं शरीर, केवढा मोठा विषय हातात होता!

आता त्यातला बास्केटबॉलचा प्रसंग बघा. मैदानावर पोरं बघताहेत आणि ती एका पोलीस अधिकाऱ्याबरोबर खेळते. तिचं अंग आता पूर्वीसारखं नाही, हे तिला स्वतःला जाणवण्याचा हा क्षण. मी संकलक असतो तर एकच मागणी केली असती: उडी मारून ती जमिनीवर येते तेव्हाचा तिचा चेहरा द्या, आणि तो राहू द्या. पण पडद्यावर काय आहे? चेंडू, कंबर, हात, बाजूची पोरं, पुन्हा कंबर, फिरता कॅमेरा. नजर चेंडूवर पोचायच्या आत शॉट गेलेला. चेंडू कुणाच्या हातात आहे तेच कळत नाही, मग तिला काय वाटलं ते कुठून कळणार? वेगानं कट करणं हा दोष नाही. पण प्रत्येक कटनं आधीच्या शॉटपेक्षा काहीतरी जास्तीचं सांगावं लागतं. इथं प्रत्येक कट काहीतरी झाकतोय. हा प्रसंग बंद केला तर गोष्टीला ओरखडाही येत नाही, आणि तीच कसोटी पुढच्या जवळजवळ प्रत्येक उडीला, फटक्याला लावली तरी उत्तर तेच येतं.

हॅली बेरीचा यात बळी गेला असं मला वाटतं. २००२मध्ये तिला ऑस्कर मिळालं होतं. 'कॅटवुमन'साठी सर्वांत वाईट अभिनेत्रीचा रॅझी, म्हणजे वाईट सिनेमांसाठीचा टिंगलीचा पुरस्कार, जाहीर झाला तेव्हा ती तेच ऑस्कर हातात धरून मंचावर तो घ्यायला गेली. ज्या अभिनेत्रीचा चेहरा धरून ठेवला असता तर सिनेमा तरला असता, तिच्या चेहऱ्यावर त्यांनी दोन क्षण थांबायची तयारी दाखवली नाही. 'मॉर्बियस' वाईटच आहे, पण तो कंटाळवाणा वाईट. अमेरिकेत लोकांनी इंटरनेटवर टिंगल केली ती कौतुक समजून २०२२मध्ये तो पुन्हा थिएटरात लावला आणि पुन्हा पडला. गच्चीवरची माणसं त्यात झोपतील. 'कॅटवुमन'वर वाद होईल.

तर तुमच्या रात्रीचं असं करा. आधी 'कॅटवुमन' लावा, पूर्ण नको, बास्केटबॉलपर्यंत पुरे. तिथं थांबवून सगळ्यांना विचारा की या खेळात तिनं काय ठरवलं. मग 'स्पायडर-मॅन २' सुरुवातीपासून शेवटपर्यंत, गाडीच्या प्रसंगात आवाज बंद न करता. मध्ये चहा-पाण्याला थांबायचं झालं तर डॉक ऑकला बेशुद्ध अवस्थेत शस्त्रक्रियेसाठी नेतात त्याआधी थांबा, नंतर नको. रायमी भयपटांतून आलेला माणूस आहे आणि तो प्रसंग त्यानं अगदी त्याच हातानं केलाय, तिथं लय तुटू देऊ नका. 'डार्क नाइट'वाल्या मित्राला चौकशीच्या खोलीची क्लिप लावायची मुभा द्या, नाहीतर तो रात्रभर बोलू देणार नाही.

राहिला आपल्याकडच्यांचा प्रश्न. कॉमिक्सवरून आलेले असा नियम कडक ठेवला तर आपले बहुतेक बाहेर पडतात. मी तो नियम इतका ताणणार नाही. मराठीत निखिल महाजननं २०१५मध्ये श्रेयस तळपदेला घेऊन 'बाजी' करून पाहिला, त्या धाडसाचं मोल आहे. पण वरची कसोटी खरी उतरते ती २०२१च्या मल्याळम 'मिन्नल मुरली'त. एकाच रात्री, एकाच गावात दोघांवर वीज पडते. एक शिंपी, दुसरा गावानं वेडा ठरवलेला. दुसरा बँक लुटतो ते जिच्यावर त्याचं आयुष्यभर प्रेम आहे तिच्या मुलीच्या उपचारासाठी. गुरू सोमसुंदरमनं तो इतका खरा केलाय की शेवटच्या लढाईत कुणाच्या बाजूनं बसावं हेच कळेनासं होतं. पुढच्या रविवारी हा लावा, आणि 'एंडगेम'वाल्या मित्राला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवा.